वसतिगृहाची गच्ची आणि हलके काँक्रीट

आपल्या शाळेच्या वसतिगृहात ज्यांनी एक तरी उन्हाळा काढला आहे, त्यांना वरच्या मजल्यावरचे सभागृह निश्चितच आठवत असेल. एप्रिलच्या अखेरीस रात्रीचे नऊ वाजून गेले तरी त्या छताखाली बसवत नसे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर आपली ऊब खाली सोडत राही, आणि गुरुजींची नजर चुकवून आम्ही सतरंज्या उचलून व्हरांड्यात येत असू. स्लॅब दिवसा उष्णता साठवतो व रात्री ती परत करतो, हा पदार्थविज्ञानाचा धडा पुस्तकात येण्यापूर्वीच आमच्या पाठीने शिकून घेतला होता.

त्याच गच्चीविषयी आता निर्णय व्हावयाचा आहे. जुना ब्रिकबॅट कोबा जागोजागी फुगला आहे, पावसाळ्यात गळतो, आणि तो काढावाच लागणार आहे. त्याच्या जागी फोम काँक्रीटचा थर घालावा, आणि पुढे गच्चीवर ज्या दोन खोल्या बांधावयाच्या आहेत त्यांच्या भिंतीही याच काँक्रीटच्या ठोकळ्यांनी, म्हणजे बाजारात ज्यांना सीएलसी ब्लॉक म्हणतात त्यांनी, उभाराव्यात, असा प्रस्ताव बांधकाम समितीपुढे आहे. सोबत पुरवठादाराचे दरपत्रक आहे आणि एका पानाचे चाचणी-प्रमाणपत्र आहे. आम्ही चार माजी विद्यार्थी. चौघेही स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदविकेच्या वाटेने या व्यवसायात आलो. समितीने आमचे मत विचारले. ते बैठकीत थोडक्यात सांगितले आहेच. परंतु ज्यांच्या वर्गणीतून हे काम होणार आहे त्या पालकांपर्यंत आणि माजी विद्यार्थ्यांपर्यंतही ते पोहोचावे, म्हणून या स्मरणिकेत सविस्तर मांडीत आहोत. आमचे मत असे की, निवडलेला पदार्थ योग्य आहे. तो ज्या रीतीने स्वीकारला जात आहे ती रीत मात्र योग्य नाही.

प्रथम हा पदार्थ काय आहे ते पाहू. नेहमीच्या काँक्रीटमध्ये सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी असते, आणि त्याच्या एका घनमीटरचे वजन सुमारे २,४०० किलो भरते. फोम काँक्रीटमध्ये खडी नसतेच. सिमेंट, बारीक वाळू किंवा औष्णिक वीजकेंद्रातील राख, आणि पाणी यांचे पातळसर मिश्रण करावयाचे व त्यात स्वतंत्रपणे तयार केलेला फेस मिसळावयाचा, एवढीच त्याची कृती. फेसातील असंख्य सूक्ष्म बुडबुडे सिमेंट आवळेपर्यंत टिकले, की त्या जागी हवेच्या बंद पोकळ्या राहतात. या पोकळ्यांमुळेच ते हलके होते आणि उष्णतेला अडवते. फेस किती घालावयाचा यावर घनमीटरचे वजन चारशे किलोपासून अठराशे किलोपर्यंत कोठेही ठेवता येते. याचा एक दूरचा चुलतभाऊ म्हणजे एएसी ब्लॉक. त्यात फेस नसतो. अ‍ॅल्युमिनियमच्या पुडीने वायू निर्माण करतात आणि कारखान्यात वाफेच्या दाबाखाली ठोकळा पक्का करतात. दोन्ही पांढुरके व हलके दिसतात म्हणून दुकानदारही पुष्कळदा एकाला दुसऱ्याचे नाव देतो. भारतीय मानकात मात्र दोहोंची प्रकरणे वेगळी आहेत. फोमच्या ठोकळ्यांसाठी आयएस २१८५ चा चौथा भाग २००८ साली निघाला. दरपत्रकात कोणत्या भागाचा उल्लेख आहे, एवढे पाहिले तरी अर्धा घोटाळा उलगडतो.

फेस हा या पदार्थाचा प्राण आहे, आणि नेमके तिकडेच कोणाचे लक्ष नसते. फेस आणणारे द्रव्य दोन प्रकारचे असते. एक प्रथिनांपासूनचे, जनावरांची शिंगे, खूर अशा पदार्थांतून काढलेल्या प्रथिनांचे. दुसरे कृत्रिम, साबणाच्या जातीचे. पहिल्याचा बुडबुडा अधिक चिवट असतो, दुसरे स्वस्त पडते व साठवायला सोपे जाते. द्रव्य पाण्यात विरळ करून दाबाच्या हवेबरोबर यंत्राच्या नळीतून सोडले की दाढीच्या साबणासारखा घट्ट फेस बाहेर येतो. चांगल्या फेसाचे वजन लिटरमागे चाळीस ते ऐंशी ग्रॅम असावे. दहा लिटरच्या बादलीत फेस भरून ती तोलली आणि काटा अर्ध्या किलोच्या आसपास थांबला, तर काम ठीक चालले आहे असे समजावे. किलोभर भरला तर तो फेस नव्हे, फेसाळ पाणी आहे. आमच्या ओळखीचे एक मिस्त्री याहून साधी परीक्षा करतात. भरलेली बादली ते सरळ उपडी धरतात. फेस खाली आला तर यंत्र बंद करतात.

समितीपुढच्या मिश्रणाचा हिशोब आम्ही कागदावर मांडून पाहिला. तो येथे देतो, कारण आकडे पाहिल्याशिवाय पुढचा मुद्दा पटणार नाही. एका घनमीटरसाठी ३०० किलो सिमेंट, ४०० किलो राख आणि ३०० लिटर पाणी घेतले, तर त्यांचे आकारमान अनुक्रमे सुमारे ९५, १८० आणि ३०० लिटर, म्हणजे एकूण ५७५ लिटरच्या आसपास होते. हजार लिटर पुरे करण्यासाठी उरलेले सव्वाचारशे लिटर फेसाने भरावयाचे. लिटरला पन्नास ग्रॅम धरले तर त्या एवढ्या फेसाचे वजन अवघे एकवीस किलो! ओल्या मिश्रणाचे वजन १,०२० किलोच्या जवळ येते. पुढे जादा पाणी उडून गेल्यावर ते आठशेच्या आसपास स्थिरावते. याचा अर्थ असा की, आपण विकत घेतो त्या मालाचा जवळजवळ दोन-पंचमांश भाग एकवीस किलोच्या नाजूक वस्तूवर उभा आहे. सिमेंटचे पोते मोजता येते, राखेची गाडी मोजता येते. बुडबुडा मात्र मिश्रणयंत्रात दोन मिनिटे अधिक फिरला तर फुटतो, मिश्रण फार घट्ट असले तर चेपतो, फार पातळ असले तर तरंगून वर येतो. सकाळी अचूक निघालेला माल दुपारच्या उन्हात तसाच निघेल, याची हमी कोणत्याही प्रमाणपत्रात नसते.

येथे आम्हांला आमच्याच फजितीची गोष्ट सांगितली पाहिजे. पदविकेच्या शेवटच्या वर्षी आम्ही प्रकल्पासाठी फोम काँक्रीट केले होते. उद्दिष्ट आठशे घनतेचे. दहा सेंटिमीटरचे क्यूब भरले आणि नेहमीच्या काँक्रीटची सवय म्हणून साचे कंपन-टेबलावर ठेवून चांगले हलवून घेतले. अठ्ठावीस दिवसांनी दाबयंत्रावर क्यूब फोडले, तर प्रति चौरस मिलिमीटर पाच न्यूटनची ताकद आली. आठशे घनतेच्या ठोकळ्याकडून मानकाची अपेक्षा सरासरी अडीच न्यूटनची. आम्ही दुप्पट आणली! वहीवर लाल शाईने निष्कर्ष लिहून सरांपुढे ठेवला. सरांनी ताकदीच्या रकान्याकडे पाहिलेच नाही. ते म्हणाले, "क्यूबचे वजन किती?" वजनाचा रकानाच आम्ही आखला नव्हता. तुकडे गोळा करून शिल्लक राहिलेला एक अखंड क्यूब तोलला, तर तो साडेअकराशे ग्रॅम भरला. दहा सेंटिमीटरचा क्यूब म्हणजे बरोबर एक लिटर. आठशे घनतेचा असता तर तो आठशे ग्रॅम भरला असता. कंपनाने आम्ही फेस फोडून टाकला होता. जे उरले ते भरीव, जड आणि साहजिकच ताकदवान होते, पण ते फोम काँक्रीट राहिले नव्हते.

म्हणूनच या पदार्थाबाबत ताकद आणि घनता हे दोन आकडे एका ओळीत, एकाच नमुन्याचे, शेजारीशेजारी लिहिलेले असले पाहिजेत, असा आमचा आग्रह आहे. घनता घटली की ताकद तिच्या प्रमाणात घटत नाही; ती फार वेगाने कोसळते. उलट बाजूने पाहिले तर जड नमुना पाठवून उत्तम ताकद दाखवणे आणि प्रत्यक्षात हलका माल उतरवणे, यांत कसलीही अडचण नाही. समितीपुढील प्रमाणपत्रात ताकद आहे, तारीख आहे, गोल शिक्का आहे. घनतेची जागा कोरी आहे. नमुना कोणी काढला, हेही लिहिलेले नाही. तो पुरवठादारानेच निवडून पाठवला असणार, असे आम्ही मानतो.

हा संशय उगाच घेतलेला नाही. काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकाच्या गावी समाजमंदिर बांधले गेले. वर्गणी शेतमजुरांची, बचत गटातल्या बायांची. कोणी दोन दिवसांची मजुरी दिली, कोणी सिमेंटची दोन पोती. भिंतींसाठी सीएलसी ब्लॉक आले. गाववाल्यांनी आम्हांला विचारले, आम्ही प्रमाणपत्र पाहिले आणि मान डोलावली. ब्लॉक साच्यातून निघून दहा दिवसही झाले नव्हते. लगेच भिंती चढल्या, वर सिमेंटचा तेज गिलावा झाला, उद्घाटनही थाटात झाले. पहिला उन्हाळा सरताच भिंतींवर जिन्यासारख्या पायऱ्या-पायऱ्यांच्या भेगा उमटल्या. पुस्तकांची फळी लावायला ठोकलेल्या खिळ्या भुशातून निघाव्यात तशा निघून आल्या. तेव्हा आम्ही एक तुकडा आणून भट्टीत १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवला. बिलावर घनता ८००. भट्टीतून निघाली ६६०.

त्या भेगांचा दोष मात्र केवळ घनतेचा नव्हता, आणि पुरवठादाराएकटाचाही नव्हता. फोम काँक्रीटमध्ये आकुंचनाला अडवणारी खडी नसते. वाळताना नेहमीच्या काँक्रीटच्या कित्येक पट, कधी दहापटीपर्यंत ते आकसते. हजारात दोन भाग आकसले तरी तीन मीटरच्या भिंतीत सहा मिलिमीटरची ओढ निर्माण होते. कोवळे ब्लॉक भिंतीत गेले की ही ओढ भिंतीत शिरते. सावलीत रचून महिनाभर मुरू दिले असते, तर तिचा बराच भाग रचाईच्या ढिगातच संपला असता. हे आम्हांला ठाऊक होते. विचारायचे तेवढे राहिले, की हे ब्लॉक कोणत्या तारखेचे? त्या गावात आजही कोणी आम्हांला दोष देत नाही, आणि तेच अधिक बोचते.

आता आपल्या गच्चीकडे येऊ. तिचे क्षेत्र सुमारे २८० चौरस मीटर आहे. सरासरी अकरा सेंटिमीटर जाडीचा ब्रिकबॅट कोबा घातला तर स्लॅबवर साठ टनांहून अधिक भार येतो. तेवढ्याच जाडीचा आठशे घनतेचा फोम काँक्रीटचा थर पंचवीस टनांत बसतो. पस्तीस टनांचे ओझे जुन्या इमारतीच्या खांदांवरून उतरणे ही लहान गोष्ट नाही. उष्णतेच्या बाबतीतही लाभ उघड आहे. कोरड्या अवस्थेत या घनतेचा थर नेहमीच्या काँक्रीटच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकीच उष्णता वाहून नेतो. एवढ्यासाठीच आम्ही या पदार्थाच्या बाजूने आहोत.

परंतु "कोरड्या अवस्थेत" हे दोन शब्द विसरून चालणार नाही. फोम काँक्रीट जलरोधक नाही. पुरवठादाराचा माणूस बैठकीत म्हणाला की, यावर वेगळे वॉटरप्रूफिंग लागत नाही. हे आम्हांला मान्य नाही. पाणी हवेपेक्षा वीसपटीहून अधिक उष्णता वाहते. पोकळ्यांत पाणी शिरले की ज्यासाठी हा थर घातला तो हेतूच बुडतो. शिवाय आपल्या गच्चीवरील एकतीस घनमीटर थराने घनमीटरमागे शंभर लिटर पाणी प्यायले, तर तीन टन वजन वाढते. म्हणून खाली उतार, वर पाणी अडवणारा थर आणि त्यावर चालण्यासाठी पातळ कोबा हा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरला पाहिजे. तो धरल्यावर फोम काँक्रीट स्वस्त राहत नाही. आमच्या मते तरीही ते घ्यावे. मात्र स्वस्त म्हणून नव्हे.

"पर्यावरणपूरक" या शब्दाविषयीही थोडे बोलणे भाग आहे, कारण दरपत्रकाच्या पहिल्याच पानावर तो हिरव्या अक्षरांत छापलेला आहे. वीजकेंद्रांच्या राखेचा वापर वाढावा यासाठी केंद्र सरकारने १९९९ साली अधिसूचना काढली. कोराडी, चंद्रपूर, परळी अशा ठिकाणची राख बांधकामात जिरते हे चांगलेच आहे. आपल्यापैकी कित्येकांचे आईवडील वीटभट्टीवर राबले. शेतजमिनीची माती खणून ती जाळण्याचा धंदा कमी झाला तर आम्हांला दुःख नाही, त्या भट्टीवरच्या माणसांना दुसरे काम मिळावे एवढेच. पण घनमीटरमागे तीनशे किलो सिमेंटही या मालात जाते, आणि सिमेंट काही झाडाला लागत नाही. हिरवी शाई थोडी कमी वापरली असती तर बरे झाले असते.

पदार्थ त्याच्या कामाशी जुळला पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे. अमेरिकेतील काही विमानतळांवर धावपट्टीच्या टोकाला मुद्दाम ठिसूळ केलेल्या अशाच पोकळीदार काँक्रीटचा पट्टा घालतात. घसरत पुढे गेलेल्या विमानाची चाके त्यात रुततात आणि विमान थांबते. १९९९ साली न्यूयॉर्कच्या विमानतळावर एक छोटे प्रवासी विमान असेच अडवले गेले. तेथे चुरा होणे हाच गुण! इंग्लंडमध्ये बाथ शहराजवळच्या कूम डाउन येथील जुन्या दगडखाणी, ज्यांच्यावर वस्ती उभी होती, त्या फोम काँक्रीटने भरून काढल्या. तेथे ते पाण्यासारखे वाहत कोपऱ्याकोपऱ्यात पोहोचले, हा गुण. आपल्या गच्चीवर ते उष्णता अडवणार आणि कमी वजनाचे राहणार. तुळया, खांब किंवा स्लॅब यांसाठी ते नाही. नव्या खोल्यांच्या भिंतीही फक्त आडोशाच्या असतील आणि भार आरसीसी चौकटीवर जाईल, हे नकाशावर स्पष्ट लिहिलेले असावे. चेन्नईच्या आयआयटीत फोम काँक्रीटवर अनेक वर्षे पद्धतशीर अभ्यास झाला आहे. आपल्याच देशात एवढे ज्ञान उपलब्ध असताना आपण एका पानाच्या शिक्क्यावर विसंबावे, हे खटकते.

मग करावे काय? आमचा प्रस्ताव असा. गच्चीच्या पूर्वेकडील कोपऱ्यात, सभागृहाच्या निम्म्या भागावर, दिवाळीच्या सुट्टीत नमुन्यादाखल दहा फूट बाय दहा फुटांचा तुकडा घालावा. माल उतरत असताना प्रत्येक खेपेची ओली घनता तेथेच मोजावी. त्यासाठी ज्ञात मापाची बादली आणि तराजू एवढेच लागते; बादलीचे माप ती पाण्याने काठोकाठ भरून व तोलून आधीच ठरवता येते. दहा लिटरला दहा किलो दोनशे ग्रॅमच्या आसपास वजन यावे. अर्धा किलो इकडेतिकडे आम्ही चालवून घेऊ, त्याहून अधिक फरक पडला तर ती खेप परत जावी, मग मुकादम कितीही रागावो. मिश्रण किती पसरते हे काचेवर नळकांडे उचलून पाहावे. त्याच खेपेतून दहा सेंटिमीटरचे क्यूब आपल्या माणसाने भरावेत. साच्याच्या बाजूंवर हलके ठोकावे; सळईने कोचू नये, कंपनाच्या टेबलाजवळ तर नेऊच नये. तालुक्याच्या तंत्रनिकेतनात दाबयंत्र आहे आणि भट्टीही आहे. सात आणि अठ्ठावीस दिवसांची ताकद, वाळवलेली घनता, चोवीस तास पाण्यात बुडवून झालेले शोषण, हे सर्व एका पानावर यावे. आठशे ग्रॅमच्या क्यूबने अडीच टनांचा भार पेलला, तर आपण पुरवठादाराचे मनापासून अभिनंदन करू.

सर्वांत महत्त्वाची चाचणी मात्र यंत्राची नाही. नमुन्याचा तुकडा पुढचा एप्रिल-मे बघू द्यावा. सभागृहाच्या छताला खालून, नमुन्याखाली एक आणि उघड्या भागाखाली एक, असे दोन तापमापक लावावेत आणि दुपारी दोन, रात्री नऊ व पहाटे पाच वाजता नोंद घ्यावी. ही नोंद नववीच्या मुलामुलींनी ठेवावी, असे आम्हांला वाटते. त्या छताखाली झोपणारी तीच मुले आहेत.

यावर समितीतील ज्येष्ठांचा आक्षेप आम्हांला ठाऊक आहे. एवढ्याने एक वर्ष जाईल, दर वाढतील, आणि मुलांना आणखी एक उन्हाळा तसाच काढावा लागेल. या आक्षेपातील शेवटचा भाग खरा आहे आणि त्याचे आमच्याजवळ पूर्ण उत्तर नाही. तोपर्यंत गच्चीवर पांढरा चुना मारावा आणि मे महिन्यात सभागृहातील मुलांना खालच्या वर्गखोल्यांत झोपू द्यावे, एवढेच सुचवतो. सतरंज्या घेऊन पळण्याची वेळ तरी येणार नाही. दरवाढीबद्दल म्हणाल, तर समाजमंदिराच्या भिंती दुरुस्त करायला गावाला पुन्हा वर्गणी काढावी लागली, तिची रक्कम आम्ही समितीपुढे ठेवू.

प्रमाणपत्र मागितले तर पुरवठादार दुखावेल, असेही एक पालक म्हणाले. आमचा अनुभव वेगळा आहे. ज्याचा माल चांगला आहे तो बादली पाहून हसतो आणि स्वतःच धरायला पुढे येतो.

साच्यांचे सहा संच आम्ही चौघे शाळेला देत आहोत. ते काम संपल्यावर प्रयोगशाळेतच राहावेत. तंत्रनिकेतनातील चाचण्यांचे शुल्कही आमच्याकडे. बादली नवी आणावी लागेल, कारण स्वयंपाकघरातल्या बादल्यांना पोचे आले आहेत आणि त्यांचे माप भरवशाचे नाही. तराजू विकत घेण्याचे कारण नाही. कोठीघरात तांदूळ तोलायचा आहे तो चालेल, फक्त सुट्टी लागण्यापूर्वी कोठीवाल्या मावशींना विचारून ठेवावे.